निसर्गाची ओळख : मानशीचे दार

आपल्या गोव्यात खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल जमिनीला खाजन म्हणतात. बांधात लाकडी दारांची मानस असते. भरतीचे पाणी बाहेरून रेटते, दार मिटते. ओहोटीला आतले पाणी रेटते, दार उघडते. वीज नाही, मोटर नाही.

पावसाळ्यात जमिनीतला खारटपणा धुऊन जातो आणि कोरगूट हे खारटपणा सोसणारे भात पिकते. कापणीनंतर खारे पाणी आत घेतात. त्याबरोबर मासे, कोळंबी येतात. बाहेरची खारफुटी लाटांचा मार झेलून बांध राखते. एकाच्या जगण्यावर दुसऱ्याचे जगणे टेकलेले असते, यालाच परिसंस्था म्हणायचे.

पण ही परिसंस्था माणसाच्या हातावरही टेकलेली आहे. बांध एका जागी फुटला तरी खारे पाणी साऱ्यांच्या शेतात शिरते. शेती सुटली, देखभाल थांबली, अशा कित्येक खाजनांत आज भाताच्या जागी खारफुटी उभी आहे.

घरच्यांचे खाजनात शेत असेल, तर आजोबांना एवढेच विचारा : बांध आता कोण बघतो? उत्तर ‘कोणीच नाही’ आले, तर पुढच्या दुरुस्तीला त्यांच्याबरोबर तुम्हीही जा.