संकल्पाचा दोर आपल्याच हाती



माळेगाव बुद्रुकच्या साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, माळावर कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्याने हंगामाआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. उचल म्हणजे उद्याचे श्रम आजच विकणे. ती फिटली नाही तर उरलेली बाकी पुढच्या हंगामावर चढते. यात त्या कष्टकऱ्याचा दोष नाही, गरज त्याला तिथे नेते. पण उद्याच्या माणसाला आजच दोर बांधला जातो आणि त्याचे टोक दुसऱ्याच्या हाती जाते, हे खरे.

आज आपल्याला दुसऱ्या एका दोराचा विचार करायचा आहे. हा दोर आपणच बांधायचा आणि आपल्याच हाती ठेवायचा. त्याचे नाव संकल्प.

‘उद्यापासून दारू बंद.’ ‘या महिन्यापासून पोरीच्या शिक्षणासाठी पैसे बाजूला.’ ‘आता रोज अभ्यास.’ असे कोणत्या घरात ठरत नाही? ठरवणारा खोटे बोलत नसतो. पण ठरवतो तो रात्री शांतपणे अंथरुणावर पडलेला माणूस, आणि पाळायचे असते ते पगाराच्या दिवशी दमलेल्या, खिसा गरम असलेल्या, मित्रांच्या घोळक्यात सापडलेल्या माणसाने. हा दुसरा माणूस दुबळा असणार, हे धरूनच पहिल्याने तजवीज केली पाहिजे.

बाबासाहेबांचे चरित्र या दृष्टीने पाहा. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पण निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेतली. ‘पुढे केव्हातरी’ असे न म्हणता मुदत बांधून घेतली. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पगारातून पैसे साठवले. शाहू महाराजांची आणि नवल भथेना या मित्राची मदत मिळाली. १९२० साली ते लंडनला परतले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले.

त्याहून मोठे उदाहरण येवल्याचे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, हे त्यांनी भर परिषदेत हजारोंसमोर जाहीर केले. मनातल्या मनात ठरवले असते तर कोणी जाब विचारला नसता. जाहीर बोलल्यावर मित्र आणि विरोधक सारेच विचारू लागले. कोणता धर्म घ्यायचा याचा अभ्यास त्यांनी वर्षानुवर्षे केला, तो मार्ग मोकळा ठेवला. मागे फिरण्याची वाट मात्र पहिल्याच दिवशी बंद केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला तो शब्द पुरा झाला. मध्ये २१ वर्षे गेली होती.

बावीस प्रतिज्ञांत दहा पारमिता पाळण्याची प्रतिज्ञा आहे. त्यातली एक पारमिता अधिष्ठान, म्हणजे ध्येय गाठण्याचा दृढ निश्चय. तो निश्चय घरात कसा उतरवायचा?

पहिले, वेळ आणि जागा ठरवा. ‘अभ्यास करीन’ हा संकल्प नव्हे. ‘जेवण झाले की आठ ते नऊ याच कोपऱ्यात बसेन, मोबाइल आईजवळ राहील’ हा संकल्प.

दुसरे, पैसा हाताबाहेर ठेवा. फिलिपाईन्समधील एका बँकेने ठरलेली तारीख किंवा ठरलेली रक्कम गाठेपर्यंत पैसे काढता येणार नाहीत, असे खाते लोकांना देऊ केले. चौथ्या हिश्श्याहून अधिक लोकांनी ते आपणहून घेतले, आणि ज्यांना ते देऊ केले होते त्यांची बचत वर्षभरात इतरांपेक्षा कितीतरी अधिक वाढली. याचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे पोस्टात महिना १०० रुपयांपासून पाच वर्षांचे आवर्ती ठेव खाते निघते आणि पहिली तीन वर्षे ते मोडता येत नाही. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी खाते आहे. ती दहावी झाल्यावर किंवा अठराव्या वर्षी शिक्षणासाठी त्यातली निम्मी रक्कम काढता येते. हप्ता पगाराच्या दिवशीच, घरी येण्याआधी भरा. आयाबहिणींचा बचत गट हेच काम करतो: दहाजणींसमोर हप्ता द्यायचा म्हटले की तो बाजूला पडतोच.

तिसरे, विचारणारा माणूस नेमा. पण दारू सोडणाऱ्याने हे काम बायकोवर टाकू नये. तिने विचारले की भांडण होते आणि मार तिच्याच वाट्याला येतो. विहारातल्या एखाद्या वडीलधाऱ्या उपासकाला सांगावे, ‘दर रविवारी मला विचारा.’ व्यसन जुने असेल, सोडताच हातपाय थरथरत असतील, तर डॉक्टरांकडेही जावे. औषध घेण्यात कमीपणा नाही.

आणि संकल्प मोडला तर? पंचशील आपण एकदाच घेऊन थांबत नाही. प्रत्येक वंदनेत पुन्हा घेतो. शील हे शिक्षापद आहे, म्हणजे शिकण्याचा पाठ. पाठ चुकला म्हणून कोणी पाटी फोडत नाही, ती पुसून पुन्हा लिहितो. मात्र ‘आता मोडलाच आहे, तर महिनाभर चालू दे’ असे म्हणणे म्हणजे दोर सोडून देणे.

येत्या पौर्णिमेला विहारात जाल तेव्हा एकच संकल्प करा. लहान असला तरी चालेल. तारीख घालून तो कागदावर लिहा, एकाला वाचून दाखवा आणि भिंतीवर लावा. गरजेने आपल्याला पुष्कळ दोर बांधले आहेत. हा एक दोर आपण स्वतः बांधू या, म्हणजे आपल्या पोरांच्या हाती कोयत्याऐवजी लेखणी राहील.

जयभीम!