अत्र्यांच्या आधी रांगेत कोण?

मीरा रोडहून टाउनला जायचा एक नवा रूट आता आपल्याला मिळालाय. लोकलने अंधेरी, मेट्रो वनने मरोळ नाका आणि तिथून खाली भुयारात उतरून ॲक्वा लाइन. एकदा या लाइनवर रील्स बंद करा आणि फक्त स्टेशनांची नावं वाचा. 'कोटक बीकेसी'. 'आयसीआयसीआय लोम्बार्ड सिद्धिविनायक'. मग 'निप्पॉन इंडिया म्युच्युअल फंड आचार्य अत्रे चौक'. बँक झाली, विमा झाला, म्युच्युअल फंड झाला. साडेतेहेतीस किलोमीटरच्या लाइनवर फायनान्शियल प्लॅनिंगचा आख्खा कोर्स!

यातलं अत्र्यांचं नाव जास्त खुपतं. आपल्यापैकी अनेकांना अत्रे म्हणजे 'श्यामची आई' सिनेमावाले, एवढंच माहीत असतं. पण याच माणसाने १९५६ मध्ये 'मराठा' दैनिक काढलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात रान उठवलं. तेव्हा समोरून एक युक्तिवाद हमखास यायचा, की मुंबई भांडवलाने उभी केलीय, तेव्हा ती महाराष्ट्राला कशाला द्यायची? त्या युक्तिवादावर तुटून पडलेल्या माणसाच्या नावाआधी आज एक फंड उभा आहे. अत्रे स्वतः विडंबनात उस्ताद. त्यांना हा विषय दहा हजार वर्षांत मिळाला नसता.

मेट्रोवाल्यांची बाजूही ऐकून घेऊ. या लाइनचा खर्च ३७ हजार कोटींच्या वर गेला. नुसत्या तिकिटांवर तो निघत नाही. नाव भाड्याने देऊन चार पैसे आले तर तिकीट वाढवायचा दबाव तेवढा कमी. यात तथ्य आहे. मग स्टेशनात जाहिराती लावा ना, भिंती द्या, खांब द्या, डब्यांवर रंग फासा. जाहिरात आवडली नाही तर आपण मान फिरवतो. स्टेशनच्या नावाकडे पाठ फिरवून उतरायचं कुठे? 'कुठे भेटायचं?' या प्रश्नाचं उत्तरच विकत घेतलं जातं, आणि ते आपण फुकटात उच्चारत राहतो.

काही जण म्हणतील, मुंबईत श्रीमंतांची नावं पूर्वीपासून आहेतच की, जेजे हॉस्पिटल घ्या. आहेत, पण त्यांचा हिशेब वेगळा होता. माहीम आणि वांद्रे जोडणारा कॉजवे १८४५ मध्ये झाला, त्याचा खर्च लेडी जमशेटजींनी उचलला. सुमारे १ लाख ५७ हजार रुपये. अट एकच, इथून जाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. (दहिसर टोलनाक्याच्या रांगेत तरुणपण घालवलेल्या आपल्या वडिलांना हे जरूर सांगा.) त्यांनी रस्ता दिला म्हणून नाव लागलं. इथे स्टेशन लोकांच्या पैशातून आणि कर्जातून उभं राहिलं, कंपनीने फक्त पाटी भाड्याने घेतली. बेंगळुरूत कोनप्पना अग्रहारा स्टेशन बांधायला इन्फोसिस फाउंडेशनने पैसे दिले, म्हणून तिथे त्यांचं नाव आहे. ते एक वेळ समजू शकतं.

आणि भाडेकरू कधीतरी जातोच. गुरुग्रामची रॅपिड मेट्रो २०१३ मध्ये सुरू झाली तेव्हा तिथे एक स्टेशन होतं, मायक्रोमॅक्स मौलसरी ॲव्हेन्यू. मायक्रोमॅक्सचा फोन शेवटचा कुणाच्या हातात पाहिलात?

आपल्याला हे सगळं फार नवीन वाटायला नको खरं तर. गोल्डन नेस्ट, सिल्व्हर पार्क, डेल्टा गार्डन ही आपल्याकडची रिक्षावाल्याला सांगायची नावं. सगळी बिल्डरच्या ब्रोशरमधून आलेली. मीरा आणि काशी ही मूळ गावं त्यांच्याखाली इतकी दबली, की निम्म्या मीरा रोडला आपण कुठल्या गावात राहतो हे माहीत नाही. गंमत म्हणजे मेट्रो ९ ने ती वर काढली. मिरागाव आणि काशीगाव अशी स्टेशनांची नावं ठरली. बऱ्याच वर्षांनी गावाचं नाव मोठ्या अक्षरांत लागतंय.

ते तसंच राहील का, हे आपण आत्ताच विचारू शकतो. मेट्रो ९ एमएमआरडीएची आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात, वडापावपेक्षा स्वस्त. ऑनलाइनही करता येतो. महाराष्ट्रात तो एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, म्हणजे इन्स्टाच्या कॅप्शनएवढा. विचारायचं एवढंच: या मार्गावरच्या स्टेशनांची नावं प्रायोजकाला देण्याचा प्रस्ताव आहे का? असेल तर किती वर्षांसाठी, किती रकमेला, आणि पाटीवर आधी कोण, काशीगाव की कंपनी? तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. कॉलेजच्या ग्रुपमधून चौघांनी मिळून अर्ज टाकला, तर एकेकाच्या वाट्याला अडीच रुपये येतात.