गुराख्याच्या पोटाची गोष्ट

अमेरिकन गुराख्यांच्या चित्रपटांचे नाव काढले की आमच्या सुशिक्षित घरांतली वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. त्यातून तो चित्रपट थोडक्या पैशांत काढलेला असला, म्हणजे विचारूच नका! घोडे, धूळ आणि ठो-ठो. पोरांनी त्यातून घ्यायचे काय? मी म्हणतो, घ्यायचे पुष्कळ आहे. आणि भरजरी चित्रपटांपेक्षा असल्या फाटक्या चित्रपटांतच ते अधिक आहे.

भरजरी नमुना म्हणून १९४८ सालचा 'रेड रिव्हर' घ्या. हॉवर्ड हॉक्सचे दिग्दर्शन, जॉन वेनसारखा नायक, हजारो गुरे! चित्रपट देखणा आहे, यात वाद नाही. पण बायकोसाठी तांबडे जोडे न्यायचे म्हणणारा गडी उधळलेल्या गुरांखाली सापडतो, तेव्हा मालक लगेच तिला पूर्ण पगार देऊ करतो. मरणालासुद्धा तिथे जरीचा काठ!

वास्तविक हा धंदा कसा होता? यादवी युद्धानंतर टेक्ससमध्ये गुरे कवडीमोल आणि उत्तरेकडे त्यांना सोन्याचा भाव, म्हणून १८६७ पासून ॲबिलीनच्या रेल्वेकडे कळप निघू लागले. दोनेक हजार गुरांमागे दहाबारा गडी. दिवसाकाठी दहापंधरा मैलांची चाल. घाई केली तर गुरांचे मांस झडायचे. महिना तीसचाळीस डॉलर मजुरी. ती मिळवणाऱ्यांत काळे होते, मेक्सिकन होते; पडद्यावर मात्र ते क्वचितच दिसले.

आता १९७२ चा 'द कल्पेपर कॅटल कंपनी' पाहा. जाहिरातींच्या छायाचित्रणातून आलेल्या डिक रिचर्ड्‌सचा हा पहिलाच चित्रपट. खर्च बेताचा, नावाजलेला तारा एकही नाही. गुराखी व्हायच्या वेडाने पछाडलेला बेन नावाचा पोरगा कळपाबरोबर निघतो आणि त्याच्या वाट्याला येते स्वयंपाक्याची हाताखालची कामे. दुसरे काही जमत नाही तोच गुराखी होतो, हे तो स्वयंपाकीच त्याला ऐकवतो. रात्रीच्या पहाऱ्यावर चोर त्याला बोलण्यात गुंतवतात आणि घोडे पळवतात. मालक कल्पेपर दुष्ट नाही. त्याला गुरे पोहोचवायची आहेत, एवढेच. माणसे मेली तर नवी घ्यायची!

"पण शेवटी गोळीबार आहेच ना?" आहे. जमीनदाराने छळलेल्या भाविकांसाठी बेन मागे राहतो. चार साथीदार परत येतात, लढतात आणि मरतात. मात्र ज्यांच्यासाठी मेले, ती मंडळी रक्ताने विटाळलेल्या त्या भूमीवर राहायलाच तयार होत नाहीत! निदान प्रेते पुरून जा, म्हणून बेनला त्यांना अडवावे लागते. मग तो बंदूक टाकतो आणि एकटाच चालता होतो. विजयाचे ढोलनगारे नाहीत, लग्न नाही, मानपान नाही.

हे दाखवायला पैसा लागत नाही, छाती लागते. पैसा भरपूर ओतला की तो वसूल करण्यासाठी नायकाला जिंकवावेच लागते. ही श्रीमंतीची गुलामगिरी या गरीब चित्रपटाला नव्हती.

वाचकहो, दिवाळीत आपणच हौसेने पोरांच्या हाती टिकल्यांचे पिस्तूल देतो. ते रोखायला शिकवणारे चित्रपट ढीगभर आहेत. मिसरूड फुटू लागलेल्या मुलाला शेजारी बसवून एकदा, ते खाली का टाकायचे हे सांगणारा चित्रपटही दाखवा.