रसवंतीच्या दातेरी चाकांवर झाकण बसवा

उन्हाळा तोंडावर आला की रसवंतीच्या चरकाला तेलपाणी होतं, रंग लागतो, घुंगरं बांधली जातात. त्याच वेळी बाजूच्या दातेरी चाकांवर झाकण बसवून घ्या, ही रसवंतीवाल्यांना कळकळीची विनंती. अनेक ठिकाणी ती उघडीच फिरतात आणि रसाची वाट पाहणारी पोरं हातभर अंतरावर उभी असतात.

चाकं संथ फिरतात म्हणून त्यांची भीती वाटत नाही. पण त्यांचा जोर त्या संथपणातूनच येतो. मोटर मिनिटाला हजाराच्या वर फेरे घेते. त्या वेगानं ऊस पिळता येत नाही. म्हणून छोट्या चाकानं मोठं चाक फिरवायचं. छोट्याला १५ दाते आणि मोठ्याला ६० असतील, तर मोठ्याचा वेग चौथा हिस्सा उरतो आणि घर्षणात जाईल तेवढा सोडून जोर जवळपास चौपट होतो. अशा जोड्या एकापुढे एक लावल्या की शेवटचं चाक सगळ्यात हळू आणि सगळ्यात दांडगं. उसाच्या कांड्याचं चिपाड करणाऱ्या या जोरापुढे बोटाचं हाड टिकत नाही.

जोडीतली दोन चाकं उलटसुलट फिरतात. एका बाजूला दाते एकमेकांत शिरतात, दुसरीकडे सुटतात. शिरणारी बाजू घातक. पदराचं टोक, ओढणी, सैल बाही तिथे लागली की मागोमाग हात जातो.

कारखान्यांना धोकादायक यंत्रभागांना आडोसा घालणं १९४८ च्या कारखाने अधिनियमानं सक्तीचं केलं. दोन-तीन माणसांची रसवंती त्या कायद्याच्या कक्षेत आली नाही, पण दाते तेच आहेत. गावातला वेल्डिंगवाला पत्र्याचं झाकण करून देईल. जाळी लावलीत तर भोकातून लहान मुलाचंही बोट जाता कामा नये. झाकण बोल्टनं पक्कं करा. नुसतं अडकवलेलं झाकण गर्दीच्या दिवशी कोपऱ्यात पडतं. ग्रीस भरताना, अडकलेलं चिपाड काढताना आधी वीज बंद. आणि बंद करायचं बटण ऊस घालणाऱ्याच्या हाताशीच हवं, भिंतीपलीकडे नको.

ऊस पिळणाऱ्या लाटांना झाकण घालता येत नाही. तिथे उसाचा शेवटचा तुकडा बोटांनी न रेटता दुसऱ्या उसानं रेटा. गिऱ्हाइकांनीही उघडी चाकं दिसली तर मालकाला तसं सांगावं, मुलांना मागे घ्यावं.

एवढं करूनही कुणाचा हात सापडलाच, तर आधी वीज तोडा. हात हिसका देऊन ओढू नका. बोल्ट सैल करून मोकळा करा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. बोट तुटलं असेल तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, ती पिशवी बर्फात ठेवा. बोटाला थेट बर्फ लावू नका. आणि जखमीबरोबर ते लगेच रुग्णालयात न्या.