माळ्यावरच्या अलूरकर कॅसेट

डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव आला, की पुणं गाण्याचं शहर असल्याची सगळ्यांना आठवण होते. भीमसेन जोशींनी 1953 साली सुरू केलेल्या या उत्सवावर कुठलाही पुणेकर तासभर बोलेल. कर्वे रोडवरच्या अलूरकर म्युझिक हाऊसबद्दल बोलणारा मात्र आता चाळिशीपुढचाच निघतो.

सुरेश अलूरकरांचं हे दुकान कॅसेट नुसत्या विकत नव्हतं, काढतही होतं. मोठ्या कंपन्यांचं गणित खपावर बेतलेलं. गजाननबुवा जोशी, बसवराज राजगुरू यांच्यासारखे, जाणकारांत मान असलेले पण बाजारात गर्दी न खेचणारे गवई त्यात फारसे बसत नसत. अलूरकरांनी त्यांच्या कॅसेट काढल्या. वीणा सहस्रबुद्धे यांच्याही काढल्या.

हे जमलं ते कॅसेटमुळे. 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, एलपीवर वीस-बावीस. सी-90 कॅसेटची एक बाजू 45 मिनिटांची! विलंबित ख्याल घाई न करता मांडायचा आणि मागोमाग द्रुतही घ्यायची, एवढी ऐसपैस जागा. शिवाय तबकडी दाबायला कारखाना लागे, कॅसेटच्या प्रती छोट्या यंत्रांवर निघत. दुकानदाराला निर्माता होणं परवडलं ते यामुळेच.

पुढे सीडी आली, मग मोबाइल. मुंबईचं ऱ्हिदम हाऊस 2016 साली मिटलं. अलूरकरही आता नाही. हल्ली तरुण मंडळी पुन्हा तबकड्या जमवतात. हौसेला नावं ठेवायचं कारण नाही, पण त्या हौसेत कॅसेटला कोणी विचारत नाही, आणि मैफलीचं पुष्कळसं गाणं कॅसेटवरच आहे.

त्यातलं काही यूट्यूबवर ऐकायला मिळतं, तेही रसिकांच्या कृपेनं. तिथे गवयाचं आणि रागाचं नाव असतं. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, हे बहुतेकदा गळालेलं. ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर 60 वर्षं चालतो. म्हणजे 1985 साली आलेली कॅसेट 2045 संपल्यावर मोकळी होणार. पुण्याच्या पावसाळ्यात बुरशी धरणारी फीत तोवर थांबेल, अशी आशा कुणी करू नये.

चित्रपटांच्या रिळांसाठी 1964 साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय लॉ कॉलेज रोडवर आहे, कर्वे रोडपासून हाकेच्या अंतरावर. गाण्याच्या ध्वनिमुद्रणांसाठी त्या तोडीची सार्वजनिक संस्था या शहराला उभारता आलेली नाही, आणि ही उणीव महोत्सवांच्या संख्येनं भरून निघत नाही.

ती संस्था होईल तेव्हा होईल. घर आवरताना माळ्यावर कॅसेटचा खोका सापडला, तर तो भंगारवाल्याला देऊ नका. फीत डिजिटल करून घ्या, डबीतल्या कागदाचा फोटो काढा आणि साथीदारांची नावं फाइलच्या नावातच लिहून ठेवा.