पन्नास रुपयांनी काय होते?

सणाला दोन महिने उरले की आमच्या कचेरीतील टेबलावर रंगीत तिकिटांची पुस्तके येऊन पडतात. एका पुस्तकात दहा तिकिटे, एकेक तिकीट पन्नास रुपयांचे. पहिले बक्षीस फ्रीज, दुसरे मिक्सर, पुढे उत्तेजनार्थ छत्र्या आणि डबे. वाडीवाडीचे प्रमुख येतात, आपल्या हद्दीतील घरे मोजतात आणि घरामागे एक पुस्तक या हिशेबाने गठ्ठा उचलून नेतात. आमच्या धर्मगुरुपदाची पंचवीसहून अधिक वर्षे आम्ही हे पाहत आलो आहोत. खोटे कशाला बोलावे, त्यांतील बहुतेक वर्षे मिस्सा संपताना वेदीजवळून त्याची जाहिरातही आम्हीच केली. आज त्याच प्रथेविरुद्ध आम्ही लेखणी उचलली आहे. आमचे काही धर्मबंधू रागावतील. रागावोत.

आमचा आक्षेप नेहमीचा नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. जुगार म्हणजे लोभ आणि लोभ म्हणजे पाप, असे दोन वाक्यांत निकालात काढण्याइतका हा विषय सोपा नाही. दैवावर सोपवणे हेच मुळात पाप असते, तर यूदाच्या रिकाम्या जागी मथियाची निवड प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकून केली नसती. ख्रिस्तसभेचा १९९२ सालचा श्रद्धाग्रंथही (परिच्छेद २४१३) नशिबाचे खेळ व पैजा यांना सरसकट अन्यायकारक ठरवीत नाही. माणसाच्या स्वतःच्या आणि त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या गरजेचे त्यापायी हिरावले जाऊ लागले की मात्र तो त्यांना अग्राह्य ठरवतो. म्हणजे मोजायचे ते तिकीट नव्हे, घर. आणि आमच्या साऱ्या व्यवहारात नेमके घर मोजायचे राहते. आपण घरांची केवळ संख्या मोजतो.

‘पन्नास रुपयांनी काय होते?’ हा प्रश्न आम्ही शेकडो वेळा ऐकला आहे. त्याचे उत्तर १७३८ साली डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने देऊन ठेवले आहे. सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीच्या संग्रहात छापलेल्या आपल्या निबंधात त्याने एक साधे उदाहरण घेतले. एका गरीब माणसाच्या हाती एक सोडतपत्र लागले. त्यावर वीस हजार डुकाट मिळतील किंवा काहीच मिळणार नाही, दोन्ही शक्यता सारख्या. सरासरी काढली तर त्याची किंमत दहा हजार. कोणी त्याला नऊ हजार रोख देऊ केले, तर विकणारा मूर्ख ठरतो काय? बर्नुली म्हणतो, नाही. आणि तेच पत्र नऊ हजारांना घेण्याचे नाकारणारा धनिक मात्र चुकतो. पत्र एक, किंमत एक, तरी विकणाराही शहाणा आणि विकत घेणाराही शहाणा. कारण रुपयाची किंमत नाण्यावर छापलेली असते, पण त्याचे मोल ज्याच्या गाठीला तो आहे त्याच्या स्थितीवर ठरते. गाठीला जितके कमी, तितके त्याचे वजन अधिक.

त्याच निबंधातील दुसरी गोष्ट आमच्या लोकांनी लक्षपूर्वक वाचावी. अगदी प्रामाणिक, कोणाचीही लबाडी नसलेला खेळसुद्धा खेळणाऱ्याचे नुकसान करतो. हजार रुपये असलेल्या माणसाने छापा-काट्यावर पाचशे लावले. जिंकला तर दीड हजार, हरला तर पाचशे. वरवर सारखेच; पण हरलेल्याला पूर्वपदावर यायला उरलेल्या पैशांची दुप्पट करावी लागते, तर जिंकणाऱ्याची नुसती दीडपट झालेली असते. खाली घसरणे वर चढण्यापेक्षा नेहमीच महाग. लक्षाधीशाने तेच पाचशे लावले तर हा फरक त्याला जाणवतही नाही. ज्याच्यापाशी थोडेच आहे तो जपून वागतो, त्याला आपण भित्रा म्हणतो. भित्रेपणा नव्हे तो, हिशेब आहे.

(वाचकांपैकी काहींना येथे तलान्तांचा दाखला आठवेल. धनी पैसा पुरून ठेवणाऱ्यावर रागावला, तेव्हा धोका पत्करणे हाच धर्म, असे एका उत्साही प्रवचनकाराने आमच्यासमोर सांगितले होते. जे व्यापाराविषयी आहे ते सोडतीला लावणे आम्हांस पटत नाही. शिवाय त्या दाखल्यात सर्वांत जास्त भ्यालेला सेवक कोण, तर ज्याला सर्वांत कमी दिले होते तो. बर्नुलीला याचे नवल वाटले नसते.)

आता आमची गोष्ट. आमच्या एका पूर्वीच्या धर्मग्रामात मोगऱ्याच्या वाडीत पहाटे कळ्या खुडायला जाणारी एक बाई होती. नवरा वारलेला, दोन मुले शाळेत. इतरांप्रमाणे तिच्या घरीही पुस्तक गेले, आणि ते नेले तिच्याच शाळकरी मुलाने, कारण धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना पुस्तके वाटण्याची टूम त्या वर्षी आम्हीच काढली होती. ठरलेल्या दिवशी पुस्तक परत आले. दहाही स्थळप्रती भरलेल्या, दहांवरही तिचेच नाव. आम्ही पावतीवर सही केली आणि पाचशे रुपये पेटीत टाकले. ‘पुढच्या वेळी शेजाऱ्यांनाही विका हो बाई,’ असा विनोदही केला. पुढे महिनाभराने गरजू कुटुंबांना तांदूळ देण्याची यादी आमच्यापुढे मंजुरीसाठी आली. चौथे नाव तिचे होते. शेजाऱ्यांपुढे तिकिटे घेऊन जायची तिला लाज वाटली होती, आणि न विकलेले पुस्तक फादरांकडे परत न्यायची त्याहून अधिक. ज्या हाताने आम्ही तिचे पाचशे घेतले त्याच हाताने तिच्या तांदळावर सही केली. त्या दिवसापासून विधवेच्या दोन टोल्यांवर प्रवचन करताना आमची जीभ अडखळते. संत मार्कच्या बाराव्या अध्यायात त्या टोल्यांच्या अगदी आधीचे वचन कोणते आहे, ते वाचकांनी उघडून पाहावे. विधवांची घरे गिळंकृत करून लांबलचक प्रार्थना करणाऱ्यांविषयी आहे ते.

यावर पहिला बचाव असा, की हा जुगार नव्हेच, करमणूक आहे. हाऊजीच्या संध्याकाळी ज्याचा पगार महिन्याच्या एक तारखेला बँकेत जमा होतो त्याच्यासाठी ती करमणूकच आहे, हे आम्ही मान्य करतो. त्याने मुलांना घेऊन यावे, आकडे खोडावेत, हसावे, वडे खावेत. आमची तक्रार नाही. पण करमणूक नाकारता येते. घरामागे एक पुस्तक या हिशेबाने आलेली वस्तू नाकारता येत नाही. बरोबरीने वाटलेला हा बोजा विषम घरांवर पडतो, आणि त्याला आपण समानता म्हणतो!

दुसरा बचाव: खरा जुगार मटक्याचा, गोव्याच्या कॅसिनोंचा, मोबाइलवरचा, तिकडे बघा. बघू या. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातून येणाऱ्या भावांवर मुंबईत आकडे लावले जात. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याचा धंदा उभा राहिला आणि गिरणगावातील कामगारांच्या पगारावर पोसला. अगदी अल्प रकमेचाही आकडा घेतला जाई, हेच त्याचे बळ. दहांतील एक आकडा लागला तर साधारणतः रुपयाला नऊ रुपये मिळत. म्हणजे सरासरीने रुपयातील दहा पैसे चालकाचे. आता आमच्या सोडतीचा हिशेब मांडू. समजा, चारशे पुस्तके खपली, दोन लाख जमले आणि साठ हजारांची बक्षिसे दिली. रुपयातील सत्तर पैसे आम्ही ठेवून घेतले. निव्वळ पैज म्हणून पाहिले तर मटकेवाला आमच्याहून उदार ठरतो. गोव्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रे आली आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर पट मांडले गेले. पण मांडवीतील त्या जहाजावर निदान स्वतःच्या पायांनी चढावे लागते. आमची सोडत मुलाच्या हातून उंबरा ओलांडून घरात येते. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, तेव्हा व्यासपीठावरून त्याचे स्वागत करणाऱ्यांत आम्हीही होतो. त्याच आठवड्यात आमच्या टेबलावर पुस्तके होती.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो आम्हांला एका तरुणाने ऐकवला. तो म्हणाला, फादर, गरिबाला दुसरा मार्ग तरी कोणता? पन्नास-पन्नास साठवून त्याचे घर होणार नाही. लाखात एक का होईना, पण तिकिटात शक्यता आहे. या मुलाने अर्थशास्त्र वाचले नव्हते. पण मिल्टन फ्रीडमन आणि सॅव्हेज यांनी १९४८ साली जवळपास हेच मांडले. एकच माणूस विमाही उतरवतो आणि सोडतीचे तिकीटही घेतो, कारण थोडीशी भर त्याला आहे त्याच पायरीवर ठेवते आणि मोठी रक्कम मात्र वरच्या पायरीवर नेऊन बसवते. म्हणजे गरिबाचे तिकीट नेहमीच अडाणीपणाचे नसते, हे कबूल केलेच पाहिजे. सुखवस्तू माणसाने त्याला हसू नये. पण त्या तरुणाला आम्ही जे उत्तर दिले ते असे: तुझी ही आशा खरी आहे म्हणूनच तिचा भाव लावता येतो. विकणाऱ्याला तुझ्या घराशी कर्तव्य नाही, तुझ्या उत्कंठेशी आहे. आणि राज्याच्या सोडतीने निदान पायरी बदलण्याचे स्वप्न विकले. आम्ही काय विकतो? मिक्सर. मिक्सरने कोणाची पायरी बदलते?

राहिले सत्कार्य. छपराची कौले गळतात, शाळेच्या भिंतीला ओल आहे, हे सारे खरे. मग तसे सांगावे. वेदीसमोर उभे राहून सांगावे, की एवढे हवे आहेत, एवढे आहेत. बंद पाकिटे ठेवावीत, त्यांवर नाव नको, वाडी नको, कोणी किती दिले याची घोषणा तर मुळीच नको. ज्याला पाच हजार जड नाहीत त्याने पाच हजार द्यावेत. ज्याला काही देणे शक्य नाही त्याने रिकामे पाकीट टाकावे आणि ताठ मानेने बाकावर परत जावे. विधवेने टोल्या दिल्या त्या स्वतः उठून दिल्या, कोणी तिच्या दारी पुस्तक धाडले नव्हते. आणि बदल्यात तिला छत्री मिळण्याची आशा नव्हती.

गेल्या महिन्यात पॅरिश कौन्सिलच्या सभेत आम्ही हे मांडले. खजिनदारांनी वही उघडून दाखवली. सोडतीविना सणाच्या खर्चात मोठी तूट येणार होती. तूट आली तर जबाबदार कोण, असे त्यांनी विचारले आणि ते सभावृत्तात नोंदवून घेण्याचा आग्रह धरला. प्रश्न रास्त होता. आम्ही जबाबदार, असे लिहून आम्ही सही केली आहे. या वर्षीची छापून आलेली पुस्तके कचेरीच्या कपाटात कुलपात आहेत आणि बंद पाकिटांची पेटी पुढच्या रविवारी दारापाशी ठेवली जाईल.