विमानासोबत नावंही दाखवू या

यंदा चौथीच्या सहलीत आम्ही मुलांना गोव्यात दाबोळीजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात नेलं. 'अलिझे' विमानासमोर फोटो काढून झाले आणि एका मुलीने विचारलं, "सर, हे कोण चालवायचं?" मला एकही नाव सांगता आलं नाही.

घरी येऊन वाचलं. अलिझेमध्ये तिघे बसायचे. १९७१ च्या युद्धात ही विमानं 'विक्रांत'वरूनही उडाली. त्याच युद्धात अरबी समुद्रावर गेलेले लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय आणि त्यांचे दोन सहकारी परतलेच नाहीत.

'विक्रांत' तर मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. आपल्याला ती सांभाळता आली नाही. २०१४ मध्ये ती भंगारात तोडायला घेतली. आता तिच्यावरून उडणाऱ्या जातीची ही विमानं तरी आहेत, तीही उघड्यावर, समुद्राच्या खाऱ्या हवेत. ती जपायलाच हवीत. पण नुसता रंग देऊन आठवण टिकत नाही. माणसं विसरली तर विमान म्हणजे निव्वळ पत्रा!

शिक्षक मित्रांनो, सहलीआधी वर्गात एका विमानाची आणि त्यातल्या माणसांची गोष्ट सांगा. पालकांनो, गावात निवृत्त सैनिक असतील तर मुलांना त्यांच्याकडे घेऊन जा.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. तिने ते नाव वहीत लिहून घेतलं.